घट्ट बांधलेली होडी

माझ्या सासऱ्यांची होडी मी बुडवली. चालवताना नव्हे, काठाला बांधलेली असताना. (चालवताना काय, कोणीही बुडवतो!)

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सातपूरच्या एका कारखान्यात फिटर. काही सैल दिसलं की माझे हात शिवशिवायचे. सासरे सायखेड्याचे. त्यांचं वांग्याचं रान गोदावरीपलीकडे, आणि तिकडे जायला त्यांनी स्वतःच्या हातांनी केलेली लाकडी होडी. श्रावणात मी आणि माझी बायको सुनंदा तिकडे गेलो, तेव्हा मामा (सासऱ्यांना मी मामा म्हणायचो, सुनंदा आप्पा) बाजाराला निघाले होते.

"पाव्हणं, धरणाचं पानी सोडनार हायेत म्हनं. बांधलीय मी होडी, पण जरा ध्यान ठिवा."

जाऊन बघतो तर काय! दोर इतका सैल, की होडी पाण्यावर हवी तशी डुलतेय. काय हे गबाळं काम! मी दोर पाय लावून ओढला, आखडला, आणखी एक दोर आणला, दुसरा खुंटा ठोकला आणि अशा काही गाठी मारल्या की होडी बोटभर हलेना. मग सुनंदाला मुद्दाम बोलावून दाखवलं.

"अहो, आप्पांनी सैल ठेवली म्हणजे काहीतरी कारण असेल."

"सैल ठेवायला कारण लागत नाही, आळस लागतो!"

हे मी बोललो. आजही आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

दुपारी पाणी आलं. नदी चढली, खुंटे बुडाले. दोर सैल असता तर होडीही पाण्याबरोबर वर चढली असती, हा साक्षात्कार मला झाला तो तिचं नाक खाली ओढलं जाऊन आत पाणी शिरताना! शेजारचे नामदेव ओरडत आले.

"अवो, दोर सोडा की!"

"सुटत नाहीये!"

"मंग कापा!"

"कशानं? दातांनी?"

सुनंदा हाताला लागलं ते घेऊन धावत आली. विळी! पाटासकट! भर पुरात, कमरेएवढ्या पाण्यात, मी विळीने दोर चिरायला लागलो. एक पदर तुटेस्तोवर होडी भरली आणि खाली गेली.

पाणी ओसरल्यावर पाहिलं, फळ्या पार उकलल्या होत्या. मामा शेजारी उकिडवे बसले आणि त्यांवरून हात फिरवत राहिले. वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

"जाऊ द्या, पाव्हणं. नवी कराया आता हात चालत नाय."

पुढे शेवटपर्यंत ते वांग्यांची पाटी डोक्यावर घेऊन पुलाचा वळसा घालत राहिले. आणि मी? 'मामा, चुकलो' एवढे दोन शब्द माझ्या तोंडून कधी निघाले नाहीत.

त्या दिवशी फळ्या चुलीला न्याव्यात म्हणून मामा माझ्या गाठी सोडायला बसले. बराच वेळ झटले. शेवटी घाम पुसत, अगदी मनापासून म्हणाले, "काम मातर लय पक्कं हाय हो तुमचं!"

कारखान्यात साहेबाच्या तोंडून हे वाक्य ऐकायला मी निवृत्त होईपर्यंत तरसलो. मिळालं ते असं, बुडवलेल्या होडीबद्दल!