हवामान खराब आहे, असं सांगा

उपम्याचा डबा माझ्या छातीवर आदळला. झाकण निघालं. उपमा साडीवर सांडला, थोडा हनुवटीला लागला. थंडगार होता.

"तूच खाय हे," तो म्हणाला. "विमान देता येत नाही अन् उपमा वाटून राहिले."

मागे कुणीतरी हसलं. मी हनुवटी पुसली नाही. माझे हात जोडलेले होते आणि समोर प्रवासी असेपर्यंत ते सोडायचे नाहीत, असा कंपनीचा नियम होता.

बडनेऱ्याच्या पुढच्या विमानतळावर मी कामाला होते. तिकिटं तपासायची, सामानाला चिठ्ठी लावायची, म्हातारंकोतारं आलं तर चाकाची खुर्ची ढकलायची. साडी विमान कंपनीची, पगार ठेकेदाराचा. माझं माहेर भातकुलीकडचं, फुलांच्या मळ्याचं. लहानपणापासून मी टोपली घेऊन अमरावतीच्या बाजारात बसलेली बाई. पन्नाशीला टेकताना ही नोकरी मिळाली, तेव्हा गल्लीतल्या बाया मला 'विमानवाली' म्हणू लागल्या. मलाही ते आवडत होतं. खोटं कशाला बोलू?

विमान रद्द झालं की मॅनेजर आतल्या खोलीतून ओरडायचा, "लेडीज फ्रंट!" मग काउंटरवरचे पुरुष आत जायचे, दार लावून घ्यायचे. आम्ही बाया पदर सारखा करून काउंटरच्या पुढे उभ्या राहायचो. मागे नाही, पुढे. मधे लाकडाची फळीसुद्धा नको. हात जोडायचे, मान खाली, आवाज चढवायचा नाही. बाईवर माणूस हात उचलत नाही, हा त्यांचा हिशेब. हिशेब बरोबर होता. माणूस हात उचलत नाही. डबा उचलतो.

आणि कारण काहीही असो, सांगायचं एकच. हवामान खराब आहे. हवामान म्हटलं की दोष देवाचा. मग कंपनीला भरपाई द्यावी लागत नाही, एक उपमा दिला की भागतं.

त्या दिवशी खरं कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मुंबईत विमानावरची माणसं पगारवाढीसाठी अडून बसली होती. एकजात सगळ्यांनी आजारी असल्याचं कळवलं होतं. विमान तिकडून निघालंच नव्हतं आणि निघणारही नव्हतं. त्याच्या आधीच्या आठवड्यात कंपनीला घसघशीत नफा झाला म्हणून आम्हाला पेढे आले होते, डब्यावर मालकाचा हसरा फोटो. पेढा तोंडात असतानाच आमच्यातल्या एकीनं ठेकेदाराला विचारलं, "भाऊ, आमचं काही वाढन काय?" तो म्हणाला, "नफा कंपनीले झाला बाई, मले नाही." त्यावर आम्ही हसलो होतो. पेढे संपवले होते.

तर मी म्हटलं, "क्षमा करा, मार्गावर हवामान खराब आहे."

चूक तिथंच झाली. ऐकणारी माणसं शेतीवाडीची होती. आभाळाकडे बघितल्याशिवाय ज्यांचा दिवस सुरू होत नाही, त्यांना मी हवामान सांगत होते. एक म्हातारा उठला, काठी टेकत दाराबाहेर गेला, मान वर करून सगळीकडे बघून आला. मग त्यानं मुंबईत मुलाला फोन लावला. सगळ्यांसमोर, मोठ्यानं.

"बाई," तो मला म्हणाला, "इथं ऊन. पोरगा म्हन्ते तिथंई ऊन. मंग मधातच काय झालं? बुलढाण्यावर बर्फ पडून राह्यला काय?"

सगळा हॉल हसला. मीही आतून ओळखलं की हे हसणं खरं आहे, आणि ते माझ्यावर आहे. माझ्याच मुलखाची माणसं. उद्या बाजारात भेटतील.

म्हाताऱ्याला मात्र हसायचं नव्हतं. त्याची बायको खुर्चीत बसली होती, तोंड सुकलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत तिच्या हृदयाची तपासणी होती. तो जवळ आला, आवाज खाली केला. "पोरी, एवढंच सांग. थांबू का रेल्वेनं जाऊ? बडनेऱ्याहून गाडी आहे, आत्ता निघालो त भेटते."

मी म्हटलं, "हवामान सुधारलं की कळवू, बाबा."

तो परत जाऊन बायकोजवळ बसला. माझ्या शब्दावर बसला.

मग डबा आला. फेकणारा अकोटचा जिनिंगवाला होता, कापसाच्या गिरणीचा मालक, नेहमीचा प्रवासी, तिकडून मोठी गाडी करून यायचा. डबा फेकून त्याचं समाधान झालं नाही. त्यानं कुणाला तरी फोन लावला, वरच्या माणसाला. थोड्या वेळानं आतलं दार उघडलं आणि मॅनेजर बाहेर आला. पुण्याचा, माझ्या भाच्याच्या वयाचा, इस्त्रीचा शर्ट. माझ्या साडीवरचा उपमा त्याला दिसला. तो जिनिंगवाल्याकडे बघून हसला.

"सॉरी सर. आमच्या स्टाफला नीट बोलता येत नाही." मग मला, "मावशी, साहेबांच्या पाया पडा आणि विषय संपवा."

मी काय चुकीचं बोलले होते? जे पाठ करून घेतलं तेच.

माझ्या शेजारी उभ्या कामावरच्या पोरीनं मान फिरवली. मी वाकले. हो, वाकले. कंबर आधी वाकते, डोकं मागून विचार करतं, अशी सवय लागलेली असते. मला वाटलं, एवढं वाकल्यावर तो म्हणेल, राहू द्या बाई. आपल्याकडे म्हणतात तसं. वयानं मोठी बाई पाया पडायला लागली तर माणूस दोन पावलं मागे सरतो.

तो मागे सरला नाही. त्यानं पाय थोडा पुढे केला. मला सोयीचं व्हावं म्हणून.

तो बूट मी पाहिला. आणि सरळ झाले.

"पडा ना," मॅनेजर म्हणाला.

"काहून?"

"काय?"

"काहून पडू म्हन्लं मी. डबा त्यानं फेकला."

मी हात सोडले. पदरानं हनुवटी पुसली आणि म्हाताऱ्याकडे वळले. बाजारात ओरडायची तशी ओरडले. "बाबा, उठा! विमान येत नाही. हवामानाले काही झालं नाही. विमानावरचे लोकं पगारासाठी बसले हायेत, अन् हे सायबाले सकाळपासून मालूम हाये. बडनेऱ्याले जा, गाडी भेटन. अन् तिकिटाचे पैसे अन् भरपाई दोन्ही मागा, कागदावर हवामान लिहिलं त सही करू नका."

जिनिंगवाला म्हणाला, "तुले नोकरी नाही पाह्यजे काय?"

"पाह्यजे," मी म्हटलं. "पाय नाही पाह्यजे तुमचा."

माणसं मॅनेजरवर धावून गेली. तो आत पळाला. म्हातारा बायकोला धरून बाहेर निघाला. त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं नाही. का पाहावं? त्याचा वेळ मीच खाल्ला होता. त्यांना गाडी मिळाली की नाही, मला माहीत नाही.

संध्याकाळी माझा पास काढून घेतला. ज्या पोरीनं मान फिरवली होती ती दारापर्यंत आली. "ताई, तुमचं जमलं. माह्या घरी दोन लेकरं हायेत." ती खरं तेच बोलत होती. मुंबईच्या लोकांना पुढे वाढ मिळाली. त्यांच्या मागण्यांत ठेक्यावरच्या बायांचं नावही नव्हतं. विमान पुन्हा सुरू झालं. काउंटरच्या पुढे आता ती पोरगी उभी राहते.

परवा ठेकेदाराचा फोन आला. माणसं कमी पडतात, परत या. दोन ओळींचा माफीनामा द्या, बस.

मला नोकरीची गरज आहे. घर फुलांवर चालत नाही. मी त्याला सांगितलं, "येतो. माफीनामा देत नाही. अन् विमान काहून नाही आलं असं कोनी विचारलं, त जे असन ते सांगीन. काउंटरच्या मागं उभी राहीन, पुढं नाही. ठेवाचं त ठेव."

त्यानं फोन ठेवला.

सोमवारी मी कामगार कार्यालयात तक्रार देणार आहे. एकटीच्या सहीनं. दुसरी कुणी आली तर तिचीही सही घेईन. नाही आली तरी देणार आहे. 'लेडीज फ्रंट' हे दोन शब्द त्या कागदावर जसेच्या तसे लिहिणार आहे, आणि त्या खोलीत दार लावून कोण कोण बसायचं, त्यांची नावं.