दाजींच्या क्लिपा

आमच्या घरात पहिली भाकर दाजींच्या ताटात पडते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तव्यावरच्या भाकरीची कितीही जण वाट बघत असोत, दाजी हातपाय धुऊन पाटावर बसल्याशिवाय ती हलत नाही. एकदा एका लग्नात त्यांना आहेराचा टॉवेल जरा आखूड मिळाला. त्यानंतर वर्षभर त्यांनी त्या घराचं पाणी घेतलं नाही. टॉवेल मात्र अजून वापरतात.

अशा माणसाबरोबर मी भागीत यारी घेतली. यारी म्हणजे विहिरी खोदायची क्रेन. डिझेलचं इंजिन, लांब लोखंडी हात, हाताच्या शेंड्याला कप्पी, कप्पीवरून तारेचा दोर आणि दोराच्या टोकाला लोखंडी बकेट. हंगामात दाजी आणि ताई सेनगावला आमच्याच घरी मुक्कामाला असत. मी त्या बकेटमध्ये बसून खाली उतरायचो आणि दगड भरायचो. दाजी वर इंजिनवर बसून ओढायचे. जावयाला खड्ड्यात कोण उतरवणार?

गेल्या खेपेला दोर नवा घ्यायचा होता. दाजींची पारख सोपी होती: चकाकतो तो चांगला. वारंगा फाट्यावरच्या दुकानातल्या चाचांनी चकाकणारा दोर बाजूला सारला आणि तेलानं काळाभोर, बघवत नाही असा दुसरा पुढं केला. त्याच्या पोटात सुतळीचा गाभा होता, त्यात तेल मुरलेलं होतं आणि तारा बारीक होत्या. बारीक तारांचा दोर कप्पीवरून वाकला तरी लवकर मोडत नाही. दाजींनी तो घेतला, पण रस्ताभर दोर मळका असल्याची कुरकुर केली.

चाचांनी क्लिपाही दिल्या आणि त्या बसवायच्या कशा तेही दाखवलं. दाजी तेव्हा समोर पान लावून घेत होते. क्लिप म्हणजे यू आकाराचा बोल्ट आणि त्याच्यासमोर खाचेची जाड पट्टी. दोराचं टोक वळवून फासा करायचा आणि दोन्ही पदर क्लिपांनी आवळायचे. एक पदर ओझं पेलतो. दुसरा कापलेल्या टोकाचा, तो नुसता सोबतीला असतो. असे पदर घराघरात असतात. पट्टी ओझ्याच्या पदरावर बसली पाहिजे आणि यू बोल्ट सोबतीच्या पदरावर, कारण बोल्ट दोराला चावतो. "सब क्लिपां एकीच बाजू से लगाना," चाचा म्हणाले. "काम के तार को दबाना नै."

पण नव्या दोराची पूजा झाल्यावर क्लिपा बसवायचा मान जावयाचा. हे कधी आणि कोणी ठरवलं देव जाणे. हळदकुंकू झालं, नारळ फुटला, नारळाचं पाणी दोरावर शिंपडून गंजाची पहिली सोय झाली आणि दाजींनी पाना उचलला. एक क्लिप इकडून, दुसरी तिकडून, तिसरी परत इकडून.

"दाजी, चाचा म्हणत व्हते..."

"दोन्हीकडून धरलं म्हंजी बराबर पकड बसते. तुला काय कळतं?"

दुसऱ्या दिवशी ते विहिरीवर यायच्या आधी मी मधली क्लिप फिरवली. दुपारी त्यांना ती दिसली. कोणी हात लावला म्हणून त्यांनी अख्खं शिवार डोक्यावर घेतलं आणि स्वतःच्या हातानं ती पुन्हा उलटी केली. संध्याकाळी मी ताईला सांगितलं.

"गप ऱ्हा बाबा," ती म्हणाली. "त्यायच्या हातचं सोडू नको. रुसले तं मलाच निस्तरावं लागतं."

मी गप्प राहिलो. रोज बकेटमध्ये बसायचो, वर बघायचो आणि दाजींचा मान माझ्या डोक्यावर झुलत असलेला दिसायचा. भीती वाटायची. पण भीतीची सवय होते, रुसव्याची होत नाही.

पुसेगावच्या शिवारात एका विहिरीवर माझ्या पायावर दगड पडला आणि पाय सुजला. काम तर थांबवता येत नव्हतं. दाजी म्हणाले, "आज मी उतरतो. तू इंजिनवर बस." शेतमालक बघायला आला होता, त्यामुळे ते जरा जास्तच ऐटीत बकेटमध्ये बसले आणि बकेट काठावरून आत झुलली.

क्लिप फिरवली त्या दिवसानंतर दोराचं टोक इतक्या जवळून, निवांत बघायची माझी पहिलीच वेळ होती. खालून क्लिपा नुसत्या दिसतात. इथून मधल्या क्लिपेच्या बोल्टाखालचा दोर दिसला. तो चेपून चपटा झाला होता आणि तुटलेल्या तारांची टोकं कुसळांसारखी बाहेर आली होती. दाजी बकेटमधून ओरडले, "सोड की." माझ्या डोळ्यासमोर ताई आली.

मी बकेट काठावर ओढली आणि इंजिन बंद केलं.

"दाजी, उतरा."

"काहून?"

"मधली क्लिप उलटी हाय. दोर कापून राहिली. उतरा खाली."

शेतमालकासमोर बोललो. माझा आवाज चढलेला होता. दाजी उतरले. मी बांधावरचा कापसाचा बोळा घेऊन दोरावरून फिरवला. क्लिपेपाशी कापूस तारांना अडकून तिथंच राहिला. दाजी त्या कापसाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू रोज ह्याच्यावरच उतरत व्हतास?"

"व्हय."

रुसायला त्यांना तोंडच राहिलं नाही. चेपलेला भाग आम्ही कापून टाकला, नवा फासा केला. पट्ट्या तिन्ही एका बाजूला. शेवटचा नट आवळायची वेळ आली तेव्हा दाजींनी पाना माझ्या हातात दिला.

घरी येऊन त्यांनी ताईला सगळं सांगितलं, काही न लपवता. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"त्यायच्यासाठी बोललास," ती मला म्हणाली. "सोतासाठी काहून न्हाई बोललास?"

"तूच गप ऱ्हा म्हणालीस."

तव्यावरची भाकर फुगली. दाजी हातपाय धुऊन पाटावर बसलेच होते, ताट पुढं होतं. ताईनं भाकर उचलली आणि माझ्या ताटात टाकली. दाजींनी आपलं ताट जरासं मागं ओढलं आणि दुसऱ्या भाकरीची वाट बघत बसले.