आडवा एन

आमच्या नॉर्विचात चांदीचे चमचे करणारा एकच, जेरेड टिंकम. लोक जुनी नाणी आणून देत, तो ती वितळवून चमचे ठोकी. दांड्यावर अक्षरं कोरायची ती त्याची मुलगी झर्वाया. मी शेजारीण. चमचे घासून चकचकीत करायला दुकानात बसायचे, म्हणून पुढचं सगळं डोळ्यांदेखत पाहिलं.

कप्तान एलिफलेट स्टारनं झर्वायाला लग्नाचं वचन दिलं, दोन हिवाळे टिंकमच्या घरी जेवणं झोडली आणि न्यू लंडनच्या नॅबीशी लग्न करून मोकळा झाला. पाद्रीबुवांनी जाब विचारला तर म्हणतो, "कोण झर्वाया? मला तिचं नावही धड आठवत नाही." मेल्याला लाज कशी ती नाहीच. वर नव्या बायकोसाठी चमचे टिंकमकडेच करायला टाकले, तिच्या नावाचा 'एन' घालून!

झर्वाया रडली नाही. तिनं एन कोरला, पण जितका उंच तितकाच रुंद.

चहा पुरे झाला की चमचा कपावर आडवा ठेवायचा, नाहीतर घरची बाई ओततच राहते. नॅबीच्या पहिल्याच चहाला बायकांनी चमचे आडवे ठेवले आणि सगळ्या एनांचे झेड झाले. झेड कुणाचा, ते साऱ्या गावाला ठाऊक. चमचे पोचवायला गेलेली मीही तिथंच होते, मला तर हसू आवरेना.

दुसऱ्याच दिवशी कप्तान चमचे घेऊन तणतणत दुकानात आला, मागोमाग नॅबी. गिऱ्हाइकांची गर्दी होतीच.

"हे काय कोरलंयस?"

"एन. तुम्हीच सांगितला होतात," झर्वाया म्हणाली.

"हा एन नाहीये!"

"मग काय आहे?"

त्यानं चमचा उभा-आडवा फिरवून पाहिला.

"बोला की कप्तानसाहेब. कुणाचं अक्षर ते कळल्याशिवाय खोडू कशी?"

"झेड आहे हा! तुझाच, झर्वाया!"

"अगंबाई! आठवलं म्हणायचं नाव."

दुकानभर हशा पिकला. इतकं बरं वाटलं मला, काय सांगू! कप्तान लालबुंद होऊन टिंकमवर ओरडला, "वितळवून टाका सगळे!"

"खबरदार," नॅबी म्हणाली. चमचे तिनं त्याच्या हातातून ओढून घेतले. "मला म्हणाला होतात, आजवर कुठल्या मुलीकडे मान वर करून पाहिलं नाही. आता हे रोज तुमच्या पुढ्यात मांडीन. आडवेच."