गच्चीवरची ज्वारी

आमच्या गच्चीवर ज्वारी उगवली, त्यात माझा काही दोष नाही. मी टोमॅटो लावायला सांगितलं होतं!

झालं असं, की आई गेली आणि वडलांना, म्हणजे अण्णांना, मी माकणीहून धाराशिवला घेऊन आलो. जन्मभर रानात राबलेला माणूस दिवसभर खुर्चीत गप्प बसायचा. "जेवलात का?" विचारलं, की "व्हय." (ताट समोर तसंच झाकलेलं!) शेवटी मोबाईलवर बघून मी उपाय काढला. गच्चीवर पोती मांडली, त्यांत माती भरली, वर घरातल्या ओल्या कचऱ्याचं खत.

"अण्णा, आता शहरातबी शेती करतात. बिनऔषधाची भाजी!"

अण्णांनी पोत्यांकडं बघितलं. "ह्याला शेत म्हंत्यात व्हय?"

पण दुसऱ्याच दिवशी एसटीनं गावी जाऊन ज्वारीचं बियाणं घेऊन आले.

ज्वारी माझ्या डोक्याच्या वर गेली. कणसं भरली आणि धाराशिवातल्या यच्चयावत चिमण्या आमच्याकडं जेवायला! मग अण्णा दिवस उगवताच डबा बडवत सुरू, "हाऽऽ हुर्रऽऽ!" पहिल्या दिवशी अख्खी गल्ली चोर आला म्हणून काठ्या घेऊन बाहेर!

शेजारच्या महादेवीकाकू आल्या. "सर, आमच्या ह्यांना बीपी हाय. अण्णांना जरा समजवा की!"

काकूंना घेऊनच वर गेलो. काय बोलायचं ते जिन्यातच जुळवलं होतं. अण्णा आमच्याकडं पाठ करून उभे होते, पाण्याच्या टाकीकडं बघत.

"अगं, तिकडनं हाकल की! टाकीकडची कणसं समदी खाल्ली बघ."

तिकडं कुणीच नव्हतं. रानात पाखरं हाकायला अण्णांच्या समोरच्या बाजूला कायम आई उभी असायची.

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मी टाकीपाशी जाऊन उभा राहिलो, हात हलवले आणि ओरडलो, "हाऽऽ हुर्रऽऽ!"

अण्णा दचकले. मग हळूच डबा खाली ठेवला.

"तुझी आई वरडली की सारं रान मोकळं व्हायचं," ते म्हणाले. "तुझ्यानं एक चिमणी हलंना!"

खरंच हलली नव्हती. उलट टाकीवर बसलेली एक उडून आली आणि माझ्या हाताशेजारच्या कणसावर निवांत जेवायला बसली!