वंदनाताईंनी नवऱ्याला सांगितलेलं खोटं

मित्रांनो, आज घरी आल्यापासून एकच प्रश्न डोक्यात आहे. म्हणून तुम्हालाच विचारते.

कॅन्सरच्या उपचारांचा घरावर किती भार पडतो, याच्या सर्वेक्षणाचं काम मी इथं जबलपुरात करते. आज दुपारी दवाखान्यात जवळच्या कुंडम गावच्या वंदनाताई भेटल्या (नाव-गाव बदललंय). मी मराठी बोलते म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. नवरा टेलर. दोन शिलाई मशिनी होत्या, त्यातली एक विकून आतापर्यंतचा इलाज झाला.

"हे आता दुसरी विकतो म्हणून राहिले होते," त्या हळूच म्हणाल्या. "मीच सांगून टाकलं, डॉक्टर म्हणाले औषध संपलं, मी बरी झाली."

"आणि डॉक्टर खरं काय म्हणाले?"

"अजून काही महिने इंजेक्शन लागतील म्हणे. पण मशीनच गेली तर हा माणूस माझ्यामागं काय करेल, दीदी?"

मी म्हटलं, चला, मदत मिळते का विचारू.

"दोनदा विचारलं. हे इंजेक्शन सरकारी योजनेत बसत नाही म्हणे."

तेवढ्यात त्यांचे यजमान पेढे घेऊन आले. "लो दीदी, मुँह मीठा करो! हिचा इलाज पुरा झाला."

मी पेढा घेतला. ताई माझ्याकडेच पाहत होत्या. मग दोघं कुंडमच्या बसनं निघून गेले.

तुमचं बोलणं कुणाला सांगणार नाही, असा शब्द मी ताईंना दिलाय. पण सर्वेक्षणाच्या फॉर्मवर यजमानांचा नंबर माझ्याकडे आहे.

तुम्ही यजमानांच्या जागी असता, तर मी फोन करावा असं तुम्हाला वाटलं असतं का?