गंगूअक्कांची रिकामी मूठ

आमच्या गल्लीत कुणाची कळशी विहिरीत पडली, की सगळ्यांत आधी गंगूअक्कांना आनंद व्हायचा. कळशीवाली बिचारी कपाळाला हात लावून उभी, आणि अक्का परातीतलं पीठ सुनेच्या हवाली करून, कासोटा आवळत निघालेल्या. वय पन्नाशीचं. देह असा, की टांग्यात शेजारी कुणी बसायचं नाही. काठावर उभ्या राहून त्या एकवार सभोवती बघत. प्रेक्षक कमी वाटले तर चक्क थांबत. मग गुडघे छातीशी घेऊन असा मुटका मारत, की काठावरचे सगळे आंघोळ करूनच घरी जात.

वर येताना एका हातात कळशी आणि दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली. ती मूठ काठावर उघडायची. आत तळाचा काळा चिखल. "तळाला शिवल्याबिगर माणसानं वर येऊ ने," त्या म्हणायच्या. "न्हायतर ते नुसतं भिजणं हाय." हे शिक्षण मंद्रूपच्या माहेरच्या मळ्यातलं. चालायच्या आधी आपण पोहायला लागलो, असं त्या सांगत. ते खोटं ठरवायला माहेरचं कुणी सोलापुरात राहत नव्हतं.

या कलेला घरातून विरोध होता तो थोरल्या जाऊबाईंचा. त्या काडीसारख्या किडकिडीत, आणि पाण्याला इतक्या भ्यायच्या की आंघोळीचा तांब्यासुद्धा हात लांब करून ओतायच्या. "घरात सुना आल्या, न् ही अजून बेडकावानी उड्या मारतीय," हे त्यांचं रोजचं पालुपद. अक्का उलट बोलत नसत. थोरली जाऊ म्हणजे सासूच्या जागी.

दुष्काळानंतरची दोनेक वर्षं उलटली असतील. माझी बहीण मालवणला दिलेली. मे महिन्यात मी बँकेतून रजा काढून बायकोला घेऊन तिच्याकडे निघालो, तर अक्का म्हणाल्या, "मी बी येते रं सुधाकर. समुद्राचा तळ कसा असतोय ते बगते की."

थोरल्या जाऊबाईंनी संधी साधली. सगळी गल्ली ओट्यावर असताना म्हणाल्या, "जा की. पर तितला तळ मुठीत आण. न्हाय आणलास तर पुन्यांदा हिरीत उडी मारायची न्हाय."

"आणला तर?"

"तर मी जल्मभर तुला टोकणार न्हाय."

थोरल्या जाऊबाई गप्प बसणार, ही कल्पनाच कुणाला पेलेना. अक्का म्हणाल्या, "ठरलं."

मालवणला पोचलो तेव्हा नेमकी ओहोटी होती. अक्का पदर खोचून, छाती भरून किनाऱ्यावर आल्या आणि थबकल्या. समोर ओल्या वाळूचं मैदान. "पाणी कुणी उपसलं?" त्यांनी मला विचारलं. मग चालू लागल्या. पाणी घोट्याला. आणखी चालल्या, गुडघ्याला. "हीर कशी, काठ सोडला की खोल. ही काय पेरणी हाय व्हय, नुसतं चालतच ऱ्हायचं?" शेवटी राहवेना. गुडघाभर पाण्यात त्यांनी मुटका मारला आणि वाळूत भक्कम बसल्या. तोंडात गेलेलं पाणी थुंकत, स्वयंपाकाला नावं ठेवावीत तशा म्हणाल्या, "मीठ लई पडलंय."

दुसऱ्या दिवशी होडी केली. आत खडकांपाशी पाणी काचेसारखं नितळ. होडीवाल्याने अक्कांकडे नीट बघितलं. "बाये, तुका पोवूक येता?"

"तुला येतंय का सांग. न्हाय तर वर येताना तुला बी काढते."

आणि मुटका. होडी अशी कलली की माझ्या बायकोने मला मिठी मारली, चारचौघांत, पहिल्यांदाच. आम्ही पाण्याकडे बघत बसलो. बराच वेळ काही नाही. होडीवाला सदरा काढू लागला, तोच अक्का वर आल्या. होडीची कड धरायला हात पुढे केला. मूठ उघडी, आत काही नाही.

"अक्का, तळ?"

"इसरले की रं."

विहिरीच्या तळाशी अंधारच. डोळे उघडे काय नि मिटलेले काय. त्यामुळे अक्का जन्मभर डोळे मिटूनच बुडी मारत आल्या होत्या. इथे पायाला कुणीतरी गुदगुल्या करून गेलं, म्हणून त्यांनी डोळे उघडले. "पिवळा मासा हुता. असा बगत हुता, जशी मी न इचारता त्याच्या सैपाकघरात शिरले. आन खडकावर फूल हाय जांभळं. हात लावला की मिटतंय." पुन्हा बुडी. पुन्हा रिकाम्या. तिसऱ्यांदा तर वर येताच म्हणाल्या, "तळाचं नाव काढू नगंस. मला बगू दे." डोळे लालभडक, आणि चेहरा नव्या नवरीसारखा.

किनाऱ्यावर मी हळूच सुचवलं, "अक्का, इथलीच मूठभर वाळू घ्या. सोलापुरात कुणाला कळतंय?"

"बँकेत बी असंच करतोस व्हय?" त्या म्हणाल्या.

सोलापुरात गल्ली ओट्यावर तयारच होती. "दाव मूठ," थोरल्या जाऊबाई म्हणाल्या. अक्कांनी रिकामा पंजा पुढे धरला. "हरले, बाई."

भांडायची तयारी करून बसलेल्या थोरल्या जाऊबाईंची पंचाईत झाली. "हरलीस, तर त्वांड का असं फुललंय?"

मग अक्का सांगू लागल्या. दिवेलागण झाली तरी कुणी उठेना. थोरल्या जाऊबाई आधी चौकटीत उभ्या होत्या. मग उंबऱ्यावर टेकल्या.

अक्कांनी शब्द पाळला. त्यानंतर गल्लीतल्या कळशा गळ टाकून काढाव्या लागल्या. पण पुढच्या मे महिन्यात अक्कांची पिशवी दारात. "कुटं?" थोरल्या जाऊबाईंनी विचारलं. "मालवणला. मी हिरीचं कबूल केलंया, समुद्राचं न्हाय." दरवर्षी त्या माझ्याबरोबर जात, रिकाम्या हाताने परत येत, आणि काय काय आणलं नाही ते ऐकायला अख्खी गल्ली जमे.

अक्का गेल्यावर काही वर्षांनी मी त्या घरी गेलो. थोरल्या जाऊबाई नातवंडांना घेऊन बसल्या होत्या आणि नथ घातलेल्या एका माशाची हकिगत रंगात आली होती. मी ऐकून घेतलं आणि म्हणालो, "काकू, हा मासा अक्कांनी कधी सांगितला नव्हता. मी सोबत होतो ना त्यांच्या."

पाण्याला तांब्याएवढ्या अंतरावर ठेवणाऱ्या त्या बाईने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

"तुमी वर व्होडीत बसून ऱ्हायलासा," त्या म्हणाल्या. "तुमाला खालचं काय ठावं?"