उपासकाळात सोडलेली गोळी

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात सगळ्यांत आवडतं ते सोडायचं, हा निवृत्त शिक्षिका हेलनबाईंचा नियम. एका वर्षी त्यांनी मालिका बघणं सोडलं. नवरा ज्युलियस बघत बसायचे आणि त्या स्वयंपाकघरातून ऐकायच्या. ऐकणं काही सोडलेलं नव्हतं.

यंदा उपासकाळाच्या पहिल्याच दिवशी, राखेच्या बुधवारी, त्यांनी गोळी सोडली.

आदल्या वर्षी हेलनबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. ताप नाही, दुखणं नाही, नुसतं उठवत नसे. एव्हरशाईन सिटीतल्या डॉक्टर स्वप्नांनी नैराश्यावरची गोळी दिली आणि महिन्याभरात बाई केळीच्या वाडीतल्या गड्याला ओरडू लागल्या. घर सुखावलं.

"इतकं सुख दुसऱ्या कशाने दिलंय?" त्या म्हणाल्या. "मग हीच सोडायला हवी."

आठवड्यात चक्कर, डोक्यात विजेसारखे झटके, फोडणी घालताना रडू. ज्युलियस धास्तावले. ही पुन्हा भिंतीकडे वळली तर?

नणंद मर्लिनने तोडगा काढला. "वहिनी, माझी घ्या. नसांच्या दुखण्यावर देतात मला, पण आहे उदासीचीच, जुन्या काळची. तुम्ही तुमची सोडलीत, माझी कुठे सोडलीत?"

हेलनबाईंना हे पटलं. ज्युलियसनी थेट रिक्षा बोलावली आणि त्यांना डॉक्टरांकडे नेलं.

"केळींना सोडलेलं पाणी विहिरीनेच परत ओढून घेतलं तर?" डॉक्टरांनी विचारलं.

"केळी सुकतील."

"मेंदूत एक पेशी दुसरीसाठी सिरोटोनिन सोडते आणि उरलेलं परत ओढते. तुमची गोळी ती परतीची वाट अडवते. केळी एका दिवसात तरारत नाहीत, म्हणून गुण यायला काही आठवडे लागतात. मर्लिनबाईंची जुनी गोळी आणखी एका रसायनाची वाटही अडवते, वर नको त्या झडपाही बंद करते. म्हणून तोंडाला कोरड आणि झोप. दुसऱ्याची गोळी घ्यायची नाही, आणि आपली अशी एकदम सोडायची नाही."

"तरीच मर्लिन चर्चमध्ये मिस्सेत घोरते!"

"पण देवाला दिलेल्या शब्दाचं काय?" हे मात्र हेलनबाईंनी चर्चच्या फादर लेस्लींना विचारलं.

"टीचर, रोज न चुकता घ्यायचा कंटाळा येतो?"

"येतो तर!"

"मग घेणं हाच तुमचा उपास."

त्या दिवसापासून हेलनबाई क्रूसाची खूण करून, हुतात्म्याच्या चेहऱ्याने गोळी गिळू लागल्या. चक्कर गेली, रडणं थांबलं. ईस्टरच्या आदल्या दिवशी त्या समाधानाने म्हणाल्या, "चला, उद्या उपास सुटला. गोळीही सुटली."

ज्युलियस भरल्या ताटावरून उठले आणि अनवाणीच फादरांच्या दारात पोचले.

"फादर, एका माणसापुरता उपासकाळ वाढवता येतो का?"

"कधीपर्यंत?"

"डॉक्टर पुरे म्हणेपर्यंत."